पुढचे सहा

"गजर झाला की घड्याळामागची चावी उलटी फिरते. त्या चावीला मी दोरी बांधली. चावी फिरली, दोरी गुंडाळली, खटका खाली ओढला गेला, रॉड चालू! आपण पांघरुणात आणि पाणी बादलीत तापतंय."

पॉलिशवाला सांगायला लागला की मध्ये थांबत नसे. हातातली कवळी फिरत्या ब्रशवर घासत तो आपल्या यंत्राचं कौतुक करत होता. समोर मावशी मेणात एकेक दात बसवत ऐकून घेत होत्या. कवळ्या बनवणाऱ्या त्या खोलीत दोघं एवढी वर्षं समोरासमोर बसत होती, की ऐकून घेण्यावाचून मावशींना गत्यंतर नव्हतं.

"पाणी तापतंय आणि गजरानं सगळं घर जागं," मावशी म्हणाल्या.

"छे! घंटेत बोळा कोंबलाय. आवाजच नाही."

"बायको खूश असेल."

"कसली खूश? रोज रात्री चावी द्यायची राहून जाते आणि सकाळी गार पाण्यावरून बोलणी खातो. म्हणून आज डोकं चालवलं. माझी आंघोळ झाल्या झाल्या खटका वर केला, बादली पुन्हा भरली, रॉड सोडला आणि चावी देऊन मगच निघालो. आता रात्री बघायलाच नको."

स्वतःची पाठ स्वतःच थोपटून घेण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. मावशींना हसू आलं.

"मलाही एक करून दे बाबा. पण मला संध्याकाळी लागेल. दमून घरी जावं तर गरम पाणी तयार."

"सोप्पं आहे. माझ्यासारखाच गजराचा काटा सहावर लावायचा."

"मग सकाळी सहालाही चालू होईल की ते. घड्याळाला काय कळतंय, सकाळ की संध्याकाळ?"

"मावशी, सगळं चावीवर आहे," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "तुम्ही चावी सकाळी द्यायची, कामाला निघताना. एकदा चावी दिली, की पुढचे जे सहा वाजतील तेव्हा..."

कवळी त्याच्या हातातून सुटली आणि भिंतीवर जाऊन आपटली.

"अरे, लक्ष कुठाय तुझं?"

तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. लहान काटा सहावर होता आणि मोठा बाराला टेकत आला होता.

संध्याकाळी घरी नळाला पाणी नसायचं. मुलगी खेळून याच सुमाराला परत यायची आणि तशीच अनवाणी बाथरूममध्ये शिरून त्या पत्र्याच्या बादलीत हात घालायची. रॉडला घरात कुणी भीत नसे. खटका वर असला की घाबरायचं कारण नाही, हे त्यानंच सगळ्यांना पढवलं होतं.

मालक आपल्या खोलीत फोनवर बोलत होते. त्यानं त्यांच्या हातातून रिसीव्हर हिसकावून घेतला.

"डोकं फिरलं का रे तुझं?"

नंबर एकदा चुकला. दुसऱ्यांदा लागला, पण पलीकडे घंटा नुसती वाजत राहिली.

"हॅलो, कोण बोलतंय?"

मुलगीच होती. तो मालकांच्या टेबलाला धरून खाली बसला आणि त्याला एकदम रडू फुटलं.

"ठकू, माझी बाय ती! हात-पाय धुतलेस?"

"नाही बाबा. पण मी चिखलात पडले म्हणून आई मला खूप..."

"धुऊ नकोस! बाथरूममध्ये पाऊलसुद्धा टाकायचं नाही. कळलं?"

"मी नाही जात. आई गेलीये. माझे बूट धुतेय."

मावशी दारात येऊन उभ्या होत्या. मालकही रागवायचं विसरले होते.

"हाक मार तिला. मोठ्यानं."

"आई! ए आई!" ठकूनं हाक मारली. मग जरा थांबून ती हळूच म्हणाली, "ओ देत नाहीये बाबा. रागावलीये माझ्यावर."

"जा, पळ! तिला ओढ, ठकू, ओढून बाहेर आण!"

पलीकडे रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. अनवाणी पावलं धावत गेली. आपण काय बोलून बसलो ते त्याला तेव्हा कळलं.

"हात लावू नकोस! ठकू, आईला हात लावू नकोस!"

मेनचं बटण बंद कर, एवढंच सांगायला हवं होतं. पण तेही तिच्या हाताला लागलं नसतं. पोरीचा हात पोचू नये म्हणून त्यानंच ते उंचावर बसवून घेतलं होतं. तो जिवाच्या आकांतानं ओरडत राहिला. मालकांनी त्याचा खांदा घट्ट धरला. मावशी, "अरे, थांब, ऐकू तरी दे," असं म्हणत राहिल्या.

तो थांबला. पलीकडची पावलंही थांबली होती. लांबून ठकूचा आवाज आला.

"आई, बाबांचा फोन आहे. अशी काय बसलीयेस? हात दे ना."