चौथा रंगारी

"हा पुट्टी न घासताच रंग फासेल, सांगून ठेवतो," सासरे सुनेच्या कानाशी पुटपुटले. आधीच्या तीन रंगाऱ्यांनाही त्यांनी अशीच खोट काढून वाटेला लावलं होतं. इकडे छताचे पोपडे ताटात पडायला लागले होते. पण चाळीस वर्षं लोकांची घरं रंगवलेल्या माणसापुढे बोलणार कोण?

आज मात्र सुनेचा संयम सुटला. "बाबा, मग चांगलं काम कसं असतं, ते ह्या रंगाऱ्याला तुम्हीच दाखवा."

सासरे तावातावाने शिडी चढायला गेले. दुसऱ्याच पायरीवर पाय लटपटले, तसं रंगाऱ्याने त्यांना अलगद धरून खाली घेतलं.

"ह्यालाच दे काम," सासरे सुनेला म्हणाले. "आपलं घर मीच रंगवणार होतो गं. पण माझ्याच्यानं आता होत नाही."