परूसभर पाणी

"पाणी कुठवर आलं होतं, नेमकं सांगा," हरिहर ओव्हरसियर म्हणाला.

"कमरंला," परशुराम पाटील म्हणाला. मागे उभ्या असलेल्या पाच-सात जणांनी माना डोलावल्या.

शहाडच्या खालच्या अंगाला, नदीकाठच्या माळावर निर्वासितांचे तंबू लागून सहा महिने झाले होते. पावसाळा दोन महिन्यांवर आला होता. त्याच्या आत कॅम्पाच्या कडेनं मातीचा बांध घालायचा होता. बांध कॅम्पाला, माती गावाची. शेजारच्या भातखाचरांतून खणून घ्यायची. बांधाची उंची एक फुटानं वाढली की पाया चार फुटांनी रुंदावतो, म्हणजे तेवढं शेत आणखी खड्ड्यात. तेव्हा कमरेएवढं पाणी गावाला सोयीचं होतं, हे उघड आहे.

पण गाव खोटं बोलत होतं असंही नाही हं. गेल्या श्रावणात नदी फुगली, आणि गाव टेकाडावरून धावत खाली पोचलं, तेव्हा पाणी खरोखरच कमरेला होतं. माळाशेजारच्या शेतात राबणारा धाकू बांबूच्या बेटात अडकलेला सापडला. त्याच्याबरोबर शेतावर असलेली त्याची दोन वर्षांची पोर, शेवंती, सापडली नाही.

कमरेएवढं पाणी, आणि धडधाकट बापाच्या हातून पोर जाते? मग काय, बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार! कुणी म्हणालं, प्यायला असेल. कुणी म्हणालं, स्वतःचा जीव वाचवायला पोर सोडली. धाकूची बायको कमळाबाई त्या दिवशी कल्याणच्या बाजारात भाजी विकायला गेली होती. ती परत आली, तिनं सगळ्यांचं ऐकून घेतलं, आणि त्या दिवसापासून ती नवऱ्याशी बोलली नाही. भाकरी वाढायची आणि तोंड फिरवायची. तिला त्याचा राग होता. हा राग गेला तर पोरीचं म्हणून आपल्यापाशी काहीच उरणार नाही, अशी भीतीही होती.

धाकूही बोलला नाही. तो बधिर झाला होता. सकाळी उठायचा, राबायचा, वाढलेलं खायचा. आमटीत मीठ नसलं तरी त्याला कळायचं नाही.

आता दोघंही बांधाच्या कामावर होते. तो कुदळीनं माती खणायचा, ती घमेल्यातून वाहायची. खणणं त्याच्याच शेतापासून सुरू झालं होतं. बांध लहान झाला तर निम्मं शेत वाचणार होतं.

हरिहरनं वहीत लिहिलं, तीन फूट. "म्हणजे चार फुटांचा बांध पुरे," तो म्हणाला.

धाकूनं कुदळ खाली ठेवली.

"परूसभर व्हता," तो म्हणाला.

"काय?"

"पानी. परूसभर. वर आनखी थोडा."

परूस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. विहिरीचं पाणी गावात असंच मोजतात, एक परूस, दोन परूस. हरिहर ठाण्याचा, फूट-इंचांवर वाढलेला, पण एवढं त्याला ठाऊक होतं.

"येड लागलाय त्याला, सायेब!" परशुराम उसळला. "अरे धाकू, तुजाच शेत पयला जाल. पुरा जाल!"

"जाव दे."

तंबूंपुढे दोन पोरं चिखलात बसून हातानंच बांध घालत होती. धाकू त्यांच्याकडे पाहत होता, की नुसताच तिकडे तोंड करून उभा होता, कोण जाणे.

"दाखवा कुठं ते," हरिहर म्हणाला.

माळाच्या कडेला लढाईच्या दिवसांत मिलिटरीनं रोवलेला एक लोखंडी खांब होता, माणसाच्या डोक्यापर्यंत येणारा. धाकू त्याला पाठ लावून उभा राहिला. डावा हात मागे नेऊन त्यानं खांब धरला. उजवा हात वर केला. पण तळहात आभाळाकडे केलेला, ताट धरावं तसा आडवा. हरिहरनं आकड्यांची काठी त्याच्या शेजारी उभी केली.

परशुरामला हसू आलं. "याला परूस पन धरता येत नाय! अरे, माप बोटांच्या टोकाला घेतात. बोटां सरल कर."

"सरल नाय व्हनार," धाकू म्हणाला. "शेवंती बसली व्हती हातावर."



"नाकात पानी गेला तवा तिला वर केला," धाकू सांगत होता. बाजारभाव सांगावा तशा आवाजात. "मी पान्याखाली व्हतो. खांब सोडला नाय. ती पाय आपटत व्हती मनगटावर. पानी तिच्या डोक्यावरून गेला, तवा हात हलका झाला. मंग मी खांब सोडला."

श्रावणापासून गावानं त्याला सगळं सुनावलं होतं. पाणी किती होतं, हे विचारलं मात्र कुणी नव्हतं.

हरिहरनं काठीवर तळहातापाशी बोट टेकवलं. सव्वासहा फूट. वर आणखी किती धरायचं, हे त्याला विचारायला हवं होतं. 

कमळाबाईनं डोक्यावरचं घमेलं उतरवलं. खांबाजवळ टाकलेल्या मातीच्या ढिगावर ती चढली. नवऱ्याच्या तळहाताच्या वर, हातभर अंतरावर, तिनं आपला तळहात आडवा धरला.

"इथवर घ्या, सायेब," ती म्हणाली. "बसली की एवढी व्हायची."