वाढदिवसाची चॉकलेटं

साथ पुरती ओसरायच्या आधीच शाळा उघडली, तेव्हा शिक्षकांपैकी एकट्या पेडणेकर बाई धडधाकट उरल्या होत्या. म्हणून शिक्षण खात्याने त्यांच्याच छाया पाठवल्या. आता बाकी प्रत्येक वर्गात प्रकाशाच्या बनलेल्या, हुबेहूब पेडणेकर बाई शिकवत होत्या आणि चौथीत खऱ्या.

पाहणीला आलेले अधिकारी चौथीत शिरले. "बाई, मघाशी दुसरीत आपलंच बोलणं झालं ना?"

"ती छाया होती, साहेब."

साहेब खूश झाले. "बघा! मलाच ओळखू आलं नाही, तर पोरांना काय कळणार? तुम्ही आता घरी आराम करा. छाया पुरे."

बाई उत्तर देणार, तोच नवा फ्रॉक घातलेली एक मुलगी दारात उभी राहिली. मास्कवरचे डोळे पाहूनच बाईंनी ओळखलं, ही दुसरीतली स्वरांगी. वाढदिवसाला वर्गावर्गांत फिरून बाईंना चॉकलेट द्यायची, ही शाळेची जुनी रीत. स्वरांगीने बाईंच्या ओंजळीत चॉकलेटं ओतली.

"अगं, एवढी कशाला?"

"हे पहिलीतल्या तुमचं, हे दुसरीतल्या तुमचं, हे तिसरीतल्या... त्यांना घेता येत नाही ना, म्हणून सगळी तुम्हालाच."

बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि एक चॉकलेट साहेबांपुढे धरलं.

"छाया ठेवा खुशाल, साहेब, मला मदतच होते. पण या शाळेत रोज कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असतो."