हेराचा लंगडा पाय

लंगड्या हेराच्या कादंबऱ्या लिहिणारे लेखक जिन्यावरून पडून गेले, आणि त्यांनी नुकतीच संपवलेली कादंबरी घर पालथं घातलं तरी कुणाला सापडली नाही. वर्षभरात प्रकाशकांनी मालिका पुढे चालवायला नवा लेखक आणला. त्याचं हस्तलिखित वाचून प्रकाशकांच्या कचेरीत जो तो म्हणू लागला, "अगदी त्यांचाच हात."

मुद्रितं तपासणाऱ्या बाई ते हस्तलिखित घेऊन बसल्या, तसा नवा लेखकही समोर खुर्ची ओढून बसला. बाराव्या पानावर बाईंची पेन्सिल थबकली. हेराचा लंगडा पाय उजवा, पण जिना चढताना तो डावा झाला होता. जुने लेखक दर वेळी जिन्यावर हीच चूक करायचे, आणि बाई ती छपाईआधी निमूट सुधारायच्या. तीस वर्षांत ती एकाही वाचकाच्या नजरेला पडली नव्हती.

"काय बाई, सापडली का एखादी चूक?" त्याने हसून विचारलं.

"छे हो, एकही नाही." बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

पुराव्याला हात लावायचा नसतो, एवढं त्या लंगड्या हेराने त्यांना तीस वर्षांत शिकवलं होतं.