वाक्यात उपयोग

"सर, फ्रीझरचं दार तिनेच उघडं ठेवलं असणार. नवीन आहे, त्यात धांदरट. रक्ताचे सगळे नमुने वाया गेले. हो, उद्यापासून येऊ नकोस म्हणून मीच कळवतो तिला."

फोन ठेवून प्रयोगशाळेतला तो तंत्रज्ञ पुन्हा लेकीचा अभ्यास घ्यायला बसला. उद्या तिचा इंग्रजीचा पेपर होता.

"बाबा, ब्लेमलेस म्हणजे?"

"शब्दाची फोड करून बघ. होमलेस म्हणजे ज्याला घर नाही, फिअरलेस म्हणजे ज्याला भीती नाही. मग ब्लेमलेस?"

"ज्याच्याकडे ब्लेम नाही तो."

"शाब्बास! म्हणजे निर्दोष. आता वाक्यात उपयोग कर."

तिने पेन्सिलीचं टोक चावलं, वहीत लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, "माय फादर इज ब्लेमलेस."

तो खूश झाला. "मस्का लावतेस होय गं?"

"मस्का कसला? जेवताना तूच आईला म्हणालास ना, दार माझ्याकडूनच उघडं राहिलं म्हणून? तेव्हा ब्लेम तुझ्याकडे होता. आत्ता फोनवर तू तो त्या ताईला देऊन टाकलास." तिने वही पुढे सरकवली. "बरोबर आहे ना? मग टिक कर."

त्याने पेन उचललं. स्पेलिंग बरोबर होतं, व्याकरण बरोबर होतं. एखादी तरी चूक निघावी म्हणून त्याने ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. एकही निघाली नाही.