लातूरची सकाळची गाडी

नांदेडहून लातूरला जाणारी खासगी बस भरली होती, पण ड्रायव्हर अजीज गाडीत चढायलाच तयार नव्हता.

"साहेब, ब्रेक बराबर लागंना."

"मेकॅनिक ठीक हाय म्हणला की!" मॅनेजर माधवराव वैतागले. "लोकं बोंबलून राहिलेत, अजीजभाई. काढा गाडी."

अजीजनं खिडकीकडं बोट केलं. कॉलेजला निघालेली माधवरावांची लेक मनस्विनी तिथं बसली होती. "तिला पाठवता का मग ह्या गाडीनं?"

माधवराव तरातरा बसमध्ये चढले आणि लेकीला म्हणाले, "बॅग घे. उतर खाली."

अजीजनं ते ऐकलं. म्हणजे साहेबांनाही गाडीचा भरवसा नाही, आणि बाकीच्यांना घेऊन मी जायचं! आजच नोकरी सोडायची, असं ठरवून तो वळला.

मागून माधवरावांचा आवाज आला, "सगळेच उतरा. गाडी जाणार न्हाई."

लोक ओरडू लागले. त्या गोंधळातच माधवरावांनी मालकाला फोन लावला. "गाडी मी थांबवली. ड्रायव्हरला काही बोलायचं न्हाई."

अजीज परत फिरला आणि एका म्हातारीला हात देऊन खाली उतरवू लागला.