जोडीतलं दुसरं पुस्तक
कसबा पेठेत जुनी पुस्तकं विकणाऱ्या संभाजीनं ग्रंथसंग्राहक प्रभुण्यांच्या टेबलावर वर्तमानपत्रातलं पुडकं सोडलं आणि त्यांच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. आत शिळाछापाचं, दगडावरून छापलेलं, दीडशे वर्षांपूर्वीचं मराठी प्रार्थनेचं पुस्तक होतं, भाग पहिला. गेल्याच आठवड्यात शांतवन मास्तरांच्या शवपेटीत, त्यांच्या छातीवर हे पुस्तक ठेवताना प्रभुण्यांनी स्वतः पाहिलं होतं. त्या घराची रीतच होती, ज्याचं पुस्तक त्याच्याबरोबर मातीत. “अहो, अशी प्रत आता दुसरीकडे बघायला मिळायची नाही,” असं ते तेव्हा दफनभूमीत मोठ्यानं हळहळले होते, आणि संभाजी शेजारीच उभा होता. “कुठं मिळालं?” त्यांनी विचारलं. “आपण पुस्तक बघा की, पत्ता कशाला हवा?” संभाजी म्हणाला. त्यांनी पुठ्ठा उघडला. पानं दमट होती आणि मधे शेवंतीची पाकळी चिकटली होती. पेटीचं झाकण लावण्याआधी शेवंती त्यांनीच वाहिली होती. त्यांनी पुस्तक मिटलं, पण हातातून सोडलं नाही. “दुसरा भाग मास्तरांच्या बायकोकडं ना?” संभाजीनं विचारलं. “सालोमीबाई तो देणार नाहीत,” प्रभुणे म्हणाले, “तो त्यांच्याबरोबरच जाणार.” “ते ठाऊक आहे,” संभाजी चपला घालत म्हणाला, “घरात आता एकट्याच असतात ना हो त्या?” प्रभुण्यांनी नुसती मान हलवली, हो म्हणून. तो गेल्यावर त्यांनी पुस्तक कपाटात ठेवलं आणि शेजारचा ग्रंथ काढून तेवढीच जागा रिकामी केली.